मालकाचा रकाना

फॉर्म साधाच होता. अर्ध्या पानाचा, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरं फुगलेली, वर इंग्रजी, खाली गुजराती. प्राण्याचा प्रकार, वय, नर की मादी, वजन, तक्रार. एवढं मी भराभर लिहिलं. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला फॉर्मचं कसलं भय! पण 'मालकाचं नाव' या रकान्यापाशी पेन थांबलं ते थांबलंच. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले पंत, त्यांचा एक डोळा टॉवेलाबाहेर, आणि तो डोळा समोर धापा टाकणाऱ्या लॅब्राडोरवर रोखलेला. मी तो रकाना मोकळा सोडला आणि कागद काउंटरवर सरकवला. तिथला मुलगा जेमतेम वीस-बावीसचा असेल. त्यानं कागदावरून बोट खाली खाली नेलं, नेमकं त्या जागी थांबवलं आणि म्हणाला, "मासी, कोईनुं नाम तो लखवुं पडे ने."

कुणाचं तरी नाव लिहावं लागेल ना. एवढंच. बोलण्यात ना खवचटपणा, ना घाई. मी भाच्याचं नाव लिहिलं, फोन नंबर माझा दिला, काम झालं, घरी आले. रात्री भांडी आवरताना ते वाक्य दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं पुन्हा जिभेखाली आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. बँकेत असताना मी माणसांना अगदी हेच सांगत असे. आजोबा, हा रकाना मोकळा नको. काकू, इथे कुणाचं तरी नाव घाला, उद्या आम्ही कुणाला विचारायचं? आणि आता काउंटरच्या अलीकडे उभी राहून मीच रकाना मोकळा सोडत होते.

पंत म्हणजे हिरवा इग्वाना. आता चार फुटांना जरासे कमी, त्यात निम्म्याहून जास्त शेपूट. २०२०च्या फेब्रुवारीत भाच्यानं आणला तेव्हा तळहातावर मावायचा आणि इतका पोपटी होता की खेळण्यातला वाटावा. भाचा तेव्हा इथे बडोद्यात, कलाभवन म्हणतात त्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होता, राहायला माझ्याकडे. ताई नाशिकला. तिला भिंतीवर पाल दिसली तरी ती जेवणाच्या ताटावरून उठते, त्यामुळे 'हे जे काय आहे ते तुझ्या घरात, माझ्या नाही' असा निकाल फोनवरच लागला. महिन्याभरात लॉकडाऊन आला आणि त्या बंद घरात आम्ही तिघं. मुलानं जीव लावला, खोटं कशाला बोलू. पुठ्ठे, काच, बल्ब आणून स्वतःच्या हातानं भलीमोठी पेटी बांधली. गळ्याखाली लोंबणारी ती कातडीची झोळी, पाठीवरचा काट्यांचा तुरा आणि एकूण दरबारी चेहरा पाहून नाव त्यानंच ठेवलं, पंत. नाव पडल्यापासून आमच्या घरात त्यांना कुणी अरेतुरे केलेलं नाही. २०२३च्या जानेवारीत तो कॅनडाला गेला. त्याच वर्षी मी निवृत्त झाले. जाताना म्हणाला, "मावशी, फक्त सहा महिने. तोवर मी काहीतरी सोय करतो."

ते सहा महिने अजून चालू आहेत.

लोकांना वाटतं एवढा मोठा सरडा म्हणजे उंदीर, अंडी, गेला बाजार झुरळं तरी खात असेल. पंत कडक शाकाहारी. शेवग्याचा पाला, मेथी, किसलेला दुधी, लाल भोपळा, आणि सगळ्यांत आवडती म्हणजे जास्वंद, पानंही आणि फुलंही. पालक मात्र नाही. पालकातलं ऑक्सॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, अंगी लागू देत नाही. हे मला साठाव्या वर्षी कळलं, आणि तोवर मी पालकाची भाजी किती पौष्टिक म्हणून किती जणांना वाढली असेल! गॅलरीत माझ्याकडे जास्वंदीच्या तीन कुंड्या. रोज सकाळी एखाददुसरं फूल येतं आणि रोज सकाळी देवघर की पेटी हा पेच. पहिलं वर्ष गणपतीनं जिंकलं. नंतर नंतर गणपतीला मी दूर्वांवर भागवायला लागले. देव समजून घेतो, पंत घेत नाहीत, उपाशी बसतात आणि डोळे मिटून घेतात.

पेटीच्या काचेवर रोज पांढरे ठिपके पडायचे. मला वाटलं बुरशी. मग भाच्यानं फोनवर सांगितलं की ते मीठ आहे. अंगातलं जास्तीचं मीठ हे प्राणी नाकातल्या ग्रंथींतून शिंकून टाकतात. तेव्हापासून सकाळचं माझं पहिलं काम, ओल्या फडक्यानं काच पुसणं. कातडी हाताला उन्हात वाळलेल्या पोह्याच्या पापडासारखी लागते, पण पोटाखाली मऊ, गार. रागावले की शेपूट वेताच्या छडीसारखी मारतात. माझ्या मनगटाजवळ एक वळ आहे, तो बाहेर कुणी विचारला तर मी कुकरचा चटका म्हणून सांगते. आणि मान डोलावणं. मी खोलीत शिरले की पंत मान वर-खाली, वर-खाली करत. मी आपली रोज खूश, म्हातारी आली म्हणून होकार देतात. ते होकार देत नव्हते हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. इग्वाना नर अशी मान हलवतो तेव्हा तो म्हणत असतो की ही जागा माझी आहे.

सोसायटीत मात्र त्यांची ओळख घोरपड. शेजारच्या बेन 'घो' म्हणतात, वॉचमन 'मासीनी घो' म्हणतो. मराठी माणूस आला की हमखास सिंहगड काढतो, दोर लावून घोरपड कड्यावर चढवली होती ती हीच का? नाही हो, ही मेक्सिकोकडची. घोरपड मांस खाणारी, ही मेथी खाणारी. एकदा कुणीतरी वनखात्याला फोन केला असावा. दोघं जण संध्याकाळी दारात उभे. पेटीपाशी गेले आणि थोरल्यानं सुस्कारा सोडला. घोरपड असती तर प्रकरण वेगळं होतं, ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली. इग्वाना म्हटल्यावर त्यांनी कागद मागितला. २०२०च्या जूनमध्ये केंद्रानं एक सवलत काढली होती, परदेशी प्राणी पाळणाऱ्यांनी सहा महिन्यांत आपणहून नोंद केली तर तो कुठून आणला याचे कागद विचारणार नाही. देशभरातून तीस हजारांवर लोकांनी नोंदी केल्या, त्यांत आमचा भाचा एक. तो कागद मी दाखवला, चहा झाला, धाकट्यानं पंतांबरोबर सेल्फी काढला. ते गेल्यावर मला काही सुटल्यासारखं वाटलं नाही. एल साल्वाडोरसारख्या देशांत म्हणे इग्वानांची शेती चालते, अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं खोक्यांत भरून जगभर जातात. समुद्रापलीकडून आलेला प्राणी कागदावर चालतो आणि गल्लीतल्या निंबाच्या ढोलीतला पोपट पाळला तर गुन्हा. यात तर्क नाही असं नाही. इथल्या रानातून काढून घेतलं तर रान रिकामं होतं, ते थांबवायला हवंच होतं. पण पेटीतल्या प्राण्याला तो तर्क कसा दिसत असेल?

पोपटावरून आठवण निघालीच आहे तर. आमचं बालपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं, आणि तेव्हा वाड्यात मिठू नाही असं घर शोधावं लागे. आमचा मिठू पडवीत, कमानीच्या खिळ्याला टांगलेला. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, पेरूची फोड. दारात कुणी आलं की 'कोण आलंय' म्हणायचा, आजीच्या आवाजात, इतकं हुबेहूब की टपालवाला फसायचा. दर तीन-चार महिन्यांनी काका त्याच्या पंखांची पिसं कातरत. धरायचं काम माझं, कारण माझे हात लहान आणि मऊ. जुन्या टॉवेलात त्याला गुंडाळून मी दोन्ही हातांत धरायची, अंगठ्याखाली काहीतरी थडथडायचं, आणि कात्रीचा आवाज यायचा, वह्यांचं कव्हर कापताना येतो तसा. मी नऊ वर्षांची असताना १९७२चा वन्यजीव कायदा झाला. तो आमच्या मिठूला कुणी सांगितला नाही, आम्हालाही नाही. पुढे तो गेला. दोन दिवस आम्ही मुलं रडलो. आठवड्यानं काका दुसरा आणतो म्हणाले तर आई नको म्हणाली. तिला पिंजऱ्याचं वाईट वाटत होतं असं सांगायला मला आवडलं असतं. ती म्हणाली, "तो पिंजरा धुवायचा मला कंटाळा आलाय." त्या पिंजऱ्यात मग तिनं मनीप्लँट लावला. तो तारांतून बाहेर आला, कमानीवर चढला, आणि पिंजरा काढायची सोयच राहिली नाही.

आजी मला महादेवाच्या देवळात न्यायची. सभामंडपात दगडी कासव, त्यावर पाय पडू द्यायचा नाही. ती सांगायची, कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजत नाही की घास भरवत नाही. नुसती लांबून बघते. तिच्या नजरेनंच ती वाढतात. मला हे फार आवडायचं. आईनं माझ्याकडे नुसतं बघावं, वेणी घालू नये, असंही वाटायचं. पुढे कुठेतरी वाचलं की खरी कासवी वाळूत किंवा मातीत अंडी पुरून निघून जाते. पिल्लं निघतात ती एकटी, त्यांना बघायला तिथे कुणी नसतं.

आजीचे वडील गायकवाडांच्या खानगी खात्यात कारकून होते. मोडीत जमाखर्च लिहायचे. हत्तींच्या उसाचा हिशोब, घोड्यांच्या चंदीचा, चित्त्यांच्या मटणाचा. आमच्या घरातल्या गप्पांत त्यामुळे जनावरं कायम असायची. पाणीगेटकडचं अग्गड, जिथे साठमारी चालायची, मस्तीतल्या हत्तीसमोर माणसं कापडं हलवत पळायची आणि भिंतीतल्या चिंचोळ्या दारांतून निसटायची. खंडेरावांच्या काळात तर परदेशचे प्रवासी ते बघायला येऊन बसायचे. पण मला ओढ होती ती चित्त्यांची. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीत बसून काळविटांच्या शिकारीला निघायचा. त्याला माणसांची, गलक्याची सवय व्हावी म्हणून चित्तेवान त्याला दोरीनं बाजारातून फिरवायचे. या चित्त्यांना कैदेत पिल्लं होत नसत. जहांगीर बादशहाच्या दरबारात एकदा झाली तर त्यानं ती नवलाई म्हणून लिहून ठेवली. म्हणजे शतकानुशतकं राजेरजवाड्यांकडे जे चित्ते होते ते एकेक करून रानातून धरून आणलेले. इथले सरले तेव्हा संस्थानिकांनी आफ्रिकेतून मागवले. १९५२ साली सरकारनं चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर केलं. आजी मात्र हा भाग सांगत नसे. ती सांगायची की वडिलांच्या वहीत चित्त्याचं नाव असायचं आणि पुढे चित्तेवानाचं. सगळं गाव त्याला महाराजांचा चित्ता म्हणायचं, पण तो हात चाटायचा चित्तेवानाचा.

कमाटी बागही मूळ त्याच हौसेतून आली. १८७९ मध्ये सयाजीरावांच्या काळात ती लोकांसाठी उभी राहिली. तिला सयाजीबाग म्हणतात ते पाहुणे, आम्ही अजूनही कमाटी बागच. तिथे शेंगा खात वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभं राहण्यात आमचे सगळे रविवार गेले. वाघ कडेकडेनं फिरायचा, एका कोपऱ्यात वळायचा, पुन्हा फिरायचा. फरशीवर त्याची वाट पडली होती.

आता २०२४च्या पुराकडे येते, कारण त्याशिवाय फॉर्मपर्यंत पोचता येत नाही. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नवे नियम आले. आता सवलत नव्हती, सक्ती होती. ज्यांच्याकडे असा प्राणी आहे त्यांनी सहा महिन्यांत, २८ ऑगस्टपर्यंत, परिवेश नावाच्या सरकारी पोर्टलवर नोंद करायची. पुढे पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं. मी मार्चपासून भाच्याच्या मागे. करतो मावशी, करतो. शेवटी ऑगस्टच्या चोवीस तारखेला त्यानं तिकडून बसून अर्ज भरला आणि त्याची पावती मला व्हॉट्सॲपवर पाठवली. मालक तो, पत्ता माझा. मी पावतीकडे बघितलं आणि बरं वाटलं, सुटलो एकदाचे. गोकुळाष्टमीला, सव्वीसला, आभाळ फाटलं.

विश्वामित्रीची धोक्याची खूण पंचवीस फुटांवर आहे. त्या वेळी नदी तिच्याही दहा फुटांहून वर गेली. आमची सोसायटी अकोट्यात, नदीपासून फार लांब नाही. मी पहिल्या मजल्यावर. पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीशी येऊन थांबलं. लाइट गेली ती तीन दिवस. दुसऱ्या रात्री गॅलरीतून बॅटरी मारली तर खाली, जिथे एरवी शेजारच्या बेनची स्कूटी असते तिथे, पाण्यावर दोन निखारे. मगर. हलत नव्हती, भाड्यानं जागा घेतल्यासारखी पडून होती. घराबाहेर मगर, आत अंधारात पंत आणि मध्ये मी, हातात मेणबत्ती. अशा वेळी हसू येतं ते भीतीचंच असतं. पाणी उतरत होतं त्या तीन दिवसांत शहरातल्या वस्त्यांमधून दोन डझनांच्या आसपास मगरी पकडल्या गेल्या. दोन पोरं तर मगर स्कूटरवर आडवी धरून वनखात्यात घेऊन गेली, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. बाहेरच्यांना त्याची गंमत वाटते. बडोद्याला त्याचं विशेष नाही. शहराच्या मधून वाहणाऱ्या या नदीत चारशेच्या आसपास मगरी आहेत, आणि पाणी जिथवर येतं तिथवर त्यांचंच राज्य, मग ती स्कूटीची जागा का असेना.

आमच्या खालची मगर धरायला चार जण आले. कुणाला पगार नाही, दिवसा दुकानात, कारखान्यात काम करणारी मुलं. ओलं पोतं डोळ्यांवर टाकलं तशी ती थंडावली. एकानं पाठीवर बसून जबडा धरला, दुसऱ्यानं दोरी बांधली. दहा मिनिटांचा खेळ. मी वरून विचारलं, आता कुठे? तो वर न बघताच म्हणाला, "नदीमां, बीजे क्यां?" नदीत, आणखी कुठे. त्यानं त्या मगरीचं नाव ठेवलं नाही. तिच्याबरोबर फोटो काढला की नाही ते मात्र मला दिसलं नाही.

वीज आली, बल्ब पेटला, पण पंत जास्वंदीकडे बघेनात. गणपतीचे दिवस होते. खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांची झाडं पाण्यात गेलेली, त्यामुळे फुलं मागायला माझ्याच दारात रांग. मी एक फूल मागे ठेवत होते आणि ते संध्याकाळी पेटीतून तसंच सुकलेलं काढत होते. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी फुगलेला. गेल्या दोन महिन्यांपासून फुगत होता खरं तर. व्हिडिओ कॉलवर भाचा म्हणाला होता, पंत गोबरे झाले! आणि मी कौतुकानं हसले होते, कारण खाऊपिऊ घालणारी मीच ना. पायरीवरून उतरावं तसे ते मागचे पाय जपून टाकायचे. मला वाटलं वय झालं. साडेचार वर्षांचं वय!

मग तो टॉवेल, तो लॅब्राडोर, तो फॉर्म. बडोद्यात गुरांचे, कुत्र्यामांजरांचे डॉक्टर मिळतात. आणंद जवळच, तिथे तर कॉलेजच आहे. पण इग्वाना आधी पाहिलेला माणूस मिळायला मला चार दिवस आणि अकरा फोन लागले. त्यांनी जबड्यावर अंगठा दाबला. दाबला गेला. एक्स-रेमध्ये हाडं दिसली ती शिसपेन्सिलीनं काढून खोडरबरानं पुसल्यासारखी. ऊन मिळत नाही, म्हणाले. मी म्हटलं, रोज खिडकीपाशी ठेवते, दोन दोन तास. काच बंद? हो, पळून जातील ना. काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण हाडांना कॅल्शियम धरायला जे लागतं ते अतिनील किरण काच अडवते. बरं, पेटीत ती खास ट्यूब आहे ना, मी म्हटलं. आहे. कधी बदलली? मला प्रश्नच कळला नाही. "पेटते की," मी म्हणाले.

ती पेटते. वर्षानुवर्षं पेटेल. पण सहा महिने, फार तर वर्षभरात तिच्यातून ते किरण पुरेसे निघेनासे होतात. आपल्याला दिसतो तो नुसता उजेड.

ट्यूब भाच्यानं जाताना लावलेली होती. २०२३च्या जानेवारीतली. वीस महिने मी रोज सकाळी बटण दाबत होते, काच पुसत होते, समोर खुर्ची टाकून चहा पीत त्यांच्याकडे बघत बसत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांची हाडं विरघळत होती. यात कुणावर रागवायचं? भाच्यावर रागवून पाहिलं. तो तिकडे पहाटे चारला उठून फोनवर रडला. दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतो, कधी वेळ चुकवत नाही. ट्यूबचं त्यानं एकदा सांगितलंही होतं म्हणे, मेसेज केला होता. मी शोधला. होता. अंगठा दाखवून मी त्याला उत्तरही दिलेलं होतं. म्हणजे मालकानं मेसेज केला आणि सांभाळणारीनं अंगठा पाठवला. त्या खानगीच्या वहीत निदान मटणाच्या वजनासमोर कुणाचीतरी सही लागत असणार.

ताई म्हणाली, कमाटी बागेत सोडून दे रात्री जाऊन, झाडं आहेत भरपूर. मी तिला फ्लोरिडाचं सांगितलं. तिथे लोकांनी हौस फिटल्यावर सोडलेले आणि पळालेले इग्वाने इतके वाढले की बागा, बांध पोखरून काढतात, आणि कडाक्याची थंडी पडली की गारठून झाडांवरून टपाटप खाली पडतात. नदीत मगर सोडणारा पोरगा घरी सोडत होता. मी पंतांना सोडीन ते कुणाच्या घरी? दुसरी वाट म्हणजे देऊन टाकणं. एक तरुण आला होता, रील बनवणारा, त्याच्याकडे दोन अजगर, मकाव, असं बरंच. पेटीकडे न बघता त्यानं आधी विचारलं, "हातावर बसतो का? व्हिडिओला?" मी चहा दिला आणि नाही म्हटलं. नाही का म्हटलं, याचं उत्तर पुरतं स्वच्छ नाही. मला तो मुलगा आवडला नाही हे खरं. पण पुरानंतरच्या जानेवारीत उत्तरायणला मी पंतांना पहिल्यांदा उघड्या गॅलरीत घेऊन बसले होते, जाळी लावून, काच मध्ये न ठेवता. डोक्याच्या वर मधोमध त्यांना एक फिकट ठिपका असतो, तो त्यांचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली, वरून झडप घालणारी घार कळावी म्हणून. आभाळ पतंगांनी भरलेलं, 'काप्यो छे' च्या आरोळ्या, आणि दर वेळी पतंगाची सावली वरून गेली की पंत फरशीला चिकटून चपटे व्हायचे. पुन्हा उठायचे. पुन्हा सावली. बडोद्याच्या आभाळात त्या दिवशी घारी किती हजार होत्या त्यांच्या लेखी! मी त्यांच्या डोक्यावर माझा हात धरून बसले, दीड तास. हात भरून आला. त्या दीड तासात मला हा प्राणी कुणाला द्यावासा वाटला नाही, आणि असं वाटणं हे त्यांच्या भल्याचं आहे की माझ्या एकटेपणाचं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

हिशोब मात्र करून ठेवला आहे, ती सवय जात नाही. नीट सांभाळला तर इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे २०३५ ते २०४०. मी तेव्हा बहात्तर ते सत्त्याहत्तर. गुडघे आजच बोलतात. पेटी पुसायला खाली बसावं लागतं.

या महिन्यात पुन्हा गेलो होतो, एक्स-रेसाठी. हाडांच्या रेघा जराशा गडद झाल्यात. जबडा होता तसा होणार नाही, पण आता दबत नाही. काउंटरवर तोच मुलगा. फाइल सापडेना म्हणून त्यानं नवा फॉर्म दिला, तसाच अर्ध्या पानाचा. प्रकार, वय, नर, वजन. पेन त्याच रकान्याशी आलं. पोर्टलवर मालक अजून भाचाच आहे, हस्तांतराचा अर्ज आम्ही दोघंही उद्यावर ढकलतो आहोत. मी माझं नाव लिहिलं, आडनावासकट, बँकेत लिहायचे तसं मोठ्या अक्षरांत. मग माझी नजर आपसूक खाली गेली, कागदाच्या तळाशी, मग पाठीमागे. मागची बाजू कोरी होती.

"शुं शोधो छो, मासी?" मुलानं विचारलं.

"काही नाही रे," मी म्हणाले. नॉमिनीचा रकाना शोधत होते हे त्याला कसं सांगणार? मांडीवरच्या टॉवेलातून पंतांनी डोकं बाहेर काढलं आणि शिंकले. माझ्या नावावर मिठाचे तीन ठिपके पडले. मी ते पदरानं पुसले आणि कागद त्याच्याकडे दिला.